कोरकू डॉक्टर घडवण्याची रीत

मेळघाटातल्या कोरकू मुलाला डॉक्टर करण्याचे काम आश्रमशाळेत सुरू होते. मूल घरी कोरकू बोलते. ही भाषा संताळी-मुंडारीच्या कुळातली. मराठीशी तिचे नाते शेजारधर्मापुरते. पहिलीत मात्र पुस्तक मराठी, गुरुजी मराठी आणि दटावणीही मराठी. मूल वर्षभर गप्प बसते आणि ‘शांत व आज्ञाधारक’ असा शेरा मिळवते.

पुढे नीट. ही परीक्षा 2017 पासून मराठीतही देता येते. म्हणजे परक्या भाषांपैकी कोणतीही निवडण्याचे स्वातंत्र्य कोरकू मुलाला आहे. तयारी अकोल्याला. तिथल्या शिकवणी वर्गांची फी अशी, की बापाने बैलजोडी विकावी आणि पहिला हप्ता भरावा.

राज्यात अनुसूचित जमातींसाठी 7 टक्के जागा राखीव आहेत. त्यातली एखादी मिळण्याआधी मुलाला आपण कोरकू असल्याचे सिद्ध करावे लागते. धारणी तालुक्यात जन्मून कोरकूत स्वप्ने पाहणाऱ्या मुलाबद्दल ही शंका का, असे विचारणाऱ्याला कायदा कळत नाही. खोट्या दाखल्यांवर जागा लाटणारे फार झाले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये पडताळणी समित्यांची रीत घालून दिली. ते प्रकरणही महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाचेच. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण तेव्हापासून नियमावलीत बसली.

समितीला 1950 पूर्वीचा कागद प्रिय असतो : आजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर कोतवाल पंजीतली नोंद. आजोबांनी शाळा पाहिली नाही म्हणूनच तर नातवाला आरक्षण आहे. पण हा मुद्दा फायलीला टाचता येत नाही. मग दक्षता पथक गावात येते. चहा होतो. कुलदैवत कोणते, लग्नात काय करतात, मयताची रीत कशी, हे विचारून उत्तरे पुस्तकाशी ताडली जातात. खऱ्या कोरकू मुलाचे बालपण वसतिगृहात गेलेले. रीती आजीला ठाऊक. बनावट उमेदवार मात्र तेच पुस्तक पाठ करून आलेला असतो. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले. निकालालाही घाट चढून यावे लागते.

2000 सालचा एक निकाल या विषयाच्या अभ्यासकाने चुकवू नये. हलबा कोष्टी म्हणजे हलबा जमात नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. पण त्या दाखल्यावर 1985-86 मध्ये प्रवेश घेतलेल्या डॉक्टरची पदवी कायम ठेवली, कारण त्याच्या शिक्षणावर सरकारी पैसा खर्च होऊन गेला होता. ज्या आदिवासी मुलाची ती जागा होती त्याच्यावर काहीच खर्च झालेला नसल्याने त्याला ही सवलत लागू झाली नाही.

महाविद्यालयांची वानवा आता नाही. अकोल्याला शासकीय महाविद्यालय 2002 पासून आहे, आणि विभागाचे मुख्यालय असलेल्या अमरावतीलाही 2024 मध्ये 100 जागांचे मिळाले. तिथे पुस्तके इंग्रजीत, म्हणजे आणखी एक भाषा; आणि ‘कोट्यातला’ हे विशेषण वर्गमित्रांकडून विनामूल्य.

पदवीनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा; पूर्वी तिच्याऐवजी 10 लाख रुपयेही चालत. ज्याच्याकडे 10 लाख होते त्याला ग्रामीण भाग टाळता येई. नेमणूक गुणक्रमाने होते. रुग्णाची भाषा कोणाला येते, असा रकाना अर्जात नाही.

मेळघाटात म्हणून तज्ज्ञ डॉक्टर पंधरा-पंधरा दिवसांच्या प्रतिनियुक्तीवर येतात. बैरागडला कायमचे राहिलेल्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. सोळाव्या दिवशी न निघण्याचे मोल इतके आहे. प्रतिनियुक्तीवरचे डॉक्टर बाईला मराठीत विचारतात, दुखते कुठे. आशाताई ते कोरकूत सांगते. बाई बराच वेळ बोलते, हात पोटाकडून पाठीकडे नेते. आशाताई मराठीत सांगते, ‘‘दोन दिसापासून.’’ केसपेपरवर तेवढेच उतरते.

बाईचे सगळे ऐकून घेणारा गावात एकच, पारंपरिक उपचार करणारा भुमका. तो कोरकू बोलतो, रात्रीही घरीच असतो आणि त्याची जात वैधता कोणी तपासत नाही. रुग्ण आधी त्याच्याच दारात जातो, हे आरोग्य खात्याच्याही ध्यानात आले आहे. तो रुग्ण दवाखान्यात पाठवण्याबद्दल भुमकालाच मानधन देण्याची योजना खात्याने काढली.