कवचधारी

पेडणे तालुक्यात सोंगाचं कुणाला अप्रूप नाही. दशावतारी नाटकांवर वाढलेला हा मुलूख. पहाटे तीनला देवळामागे विष्णू विडी ओढताना दिसला तरी कुणी दचकत नाही. पार्सेच्या आमच्या कवचधाऱ्याकडे मात्र लोक वळून पाहतात. तो धड देव नाही, धड राक्षस नाही. १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स'मधला तो पांढरा शिपाई आहे, स्टॉर्मट्रूपर. या शिपायांचा नेम लागत नाही म्हणून जगभर थट्टा होते. हिरो सोडून आमच्या गड्याने नेमका हा निवडला.

दिवसा तो तुयेच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि संध्याकाळी पडवीत चिलखत घडवतो. एबीएस प्लास्टिकचा पत्रा तापवायचा, मऊ झाला की साच्यावर अंथरायचा आणि खालून हवा शोषून घ्यायची. शोषायला घरचाच व्हॅक्यूम क्लीनर. ही सगळी कसरत काही सेकंदांत उरकावी लागते, आणि वीज नेमकी त्याच सेकंदांत जाते. मग छातीऐवजी परात तयार होते. अशा पराती त्या घरात बऱ्याच आहेत. आई त्यांत सोलं वाळत घालते आणि मुलाच्या हातात कला आहे असं शेजारणींना सांगते.

अचूकपणाचं त्याला व्यसन आहे. सिनेमातली मूळ शिरस्त्राणं घाईत बनली होती. डावी बाजू उजवीशी जुळत नाही. म्हणून हाही व्हर्नियर कॅलिपर घेऊन मिलिमीटरच्या हिशोबाने वाकडं करतो. चुकून सरळ झालं तर मोडून पुन्हा वाकडं. डाव्या गुडघ्यावर वेगळी पट्टी, उजव्यावर नाही. का, ते विचारू नये, तो सांगतो. सिनेमात एका शिपायाचं डोकं दारावर आपटतं. याच्या जुन्या घराची चौकट ठेंगणी, त्यामुळे तोही आपटतो, आणि ते मूळ बरहुकूम झालं म्हणून खूश होतो.

त्याला दुखवायचं असेल तर २०११ सालचा खटला काढावा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हे शिरस्त्राण म्हणजे शिल्प नव्हे, सिनेमात वापरायची वस्तू. "न्यायाधीशांनी एकदा घालून बघायला हवं होतं," एवढंच तो म्हणतो आणि सॅण्डपेपर उचलतो.

घालणं हा मोठाच विधी. बूट आधी, कारण मांडीचं कवच चढलं की वाकणं संपलं. शिरस्त्राण शेवटी, कारण ते चढलं की बघणं संपलं. आत घामाची वाफ धरू नये म्हणून कंप्युटरचे दोन छोटे पंखे बसवलेत. ते चालू झाले की ऐकणंही संपतं. बसता येत नाही, त्यामुळे पिकअपमध्ये उभ्याने जातो. कोपर धरून चालवायला आतेभाऊ लागतो. लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हेही त्याच्याचकडे. दशावतारातला संकासुर काळ्या वेषात येतो; "संकासुर पांढरो कधी जालो?" असं एका आजीने विचारलं, तेव्हा आतेभाऊ बापडा नुसता हसला.

गावातल्या एका जुन्या दशावतारी काकांनी मात्र धंदेवाईक नजरेने सगळं निरखलं. आयुष्यभर आरशापुढे बसून आपला रंग आपण लावलेला, आपला मुकुट आपण बांधलेला माणूस. टिचबटणं, इलास्टिक, वेल्क्रो चाचपून ते म्हणाले, "नाडी खंय? भर नाटकात तुटलां तर काय करतलंस?"

"तुटताच, काका. दर खेपेक."

काकांनी मान डोलावली आणि घरून नाडीचा गुंडा आणून दिला. आतल्या बाजूने चिलखत आता त्या नाड्यांवर उभं आहे. मूळ सिनेमात नाड्या नव्हत्या, याची टोचणी त्याला आहेच.

जून ते सप्टेंबर हा त्याचा खरा युद्धकाळ. एबीएस उन्हात ठेवलं तर पिवळं पडतं, घरात ठेवलं तर पट्ट्यांना बुरशी लागते आणि टिचबटणं गंजतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या भरून तो आठवड्याला त्या बदलतो. एका पावसाळ्यात कुंभारीण माशीने शिरस्त्राणाच्या कानात मातीचं घर बांधलं. ते फोडायचं की पिल्लं उडेपर्यंत थांबायचं, यावर घरात दोन तट पडले. आई जिंकली, तो थांबला.

अशा वेषधाऱ्यांची एक जागतिक पलटण आहे, फाइव्ह-ओ-फर्स्ट लीजन; १९९७ साली अमेरिकेत स्थापन झालेली. फोटो पाठवायचे, जाणकारांनी तपासायचे, मग भरती. आमच्या गड्याने फोटो अजून पाठवलेले नाहीत. एक सांधा बसला की दुसरा सुटतो. मला विचाराल तर त्याला भरती व्हायचंच नाही. पास झालं की दुरुस्ती संपेल, मग संध्याकाळी करायचं काय?

शिगम्याच्या मिरवणुकीत, पेडण्याला, वेषभूषा स्पर्धेत तो यंदाही उभा असेल. फोटो खुशाल काढा, पण पाठीवर शाबासकीची थाप मारू नका. डाव्या खांद्याचं फेविकॉल अजून वाळायचं आहे.