चौथाईची परतफेड

मराठे येणार या धास्तीने कोलकात्याच्या इंग्रजांनी १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. तीन मैल झाला, मराठे काही आले नाहीत, आणि काम सोडून दिलं गेलं. पुढे १७९९ मध्ये तो खंदक बुजवून सर्क्युलर रोड केला. कोलकात्यात आले नाहीत तरी नागपूरकर रघूजी भोसल्यांचे स्वार बाकीच्या बंगालात दहा वर्षं घोडी नाचवत होते. शेवटी १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खान याने सालाना बारा लाख रुपये चौथाई कबूल केली, तेव्हा कुठे ते थांबले. बंगाली माणूस हे विसरलेला नाही. इथली पोरं अजून बर्गींच्या, म्हणजे त्या मराठी स्वारांच्या, नावाने झोपतात.

त्या बारा लाखांची फेड आता सुरू झाली आहे, आणि ती आमचे दाजी एकटे करत आहेत.

बालीगंज सर्क्युलर रोडच्या मागच्या एका गल्लीत, सुपारीच्या झाडाखाली, दाजींची हिंदुस्तान कॉन्टेसा असते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं मॉडेल, इसुझूचं १८०० सीसी इंजिन, पाच गिअर, ८८ अश्वशक्ती. दाजी हा शेवटचा आकडा सांगताना अंमळ थांबतात, म्हणजे समोरच्याला घोडी मोजायला वेळ मिळतो. आजकालची मुलं यावर ‘आमच्या स्विफ्टला पण एवढेच आहेत’ असं म्हणून मोकळी होतात. त्यांना दाजी दुसऱ्यांदा चहा देत नाहीत.

दाजी मूळचे कागलचे. ऐंशीच्या दशकात कोल्हापुरात कॉन्टेसातून फिरायचं, तर माणूस मंत्री, सिनेमावाला किंवा साखर कारखान्याचा चेअरमन असावा लागे. दाजी महाविद्यालयात होते आणि सायकलवर होते. लाल दिव्याची एक कॉन्टेसा अंगावर चिखल उडवून गेली आणि त्यांच्या मनात राग नव्हे, भक्ती उत्पन्न झाली. नोकरीने त्यांना कोलकात्यात आणून टाकलं, निवृत्तीने हातात फंड दिला, आणि भक्ती फळाला आली.

या गाडीची कुळकथा दाजी सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. हा सांगाडा मूळ विलायतेच्या व्हॉक्सहॉलचा. तिथे १९७८ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं आणि १९८४ मध्ये तो आपल्याकडे नवा कोरा म्हणून अवतरला. कारखाना इथलाच, हुगळीकाठी उत्तरपाड्याला. बॉडी लांबरुंद, पुढे चार गोल दिवे, मागच्या सीटवर ग्रामपंचायतीची बैठक भरावी एवढी जागा. पण सुरुवातीला आत बसवलं होतं अ‍ॅम्बॅसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन. पैलवानाच्या छातीत कारकुनाचं काळीज! इसुझूचं इंजिन नंतर आलं आणि मग ही गाडी खरोखर पळू लागली. ती पळते आहे तोवर आजूबाजूला उदारीकरण झालं, सिएलो, एस्टीम, सिटी आल्या, आणि २००२ मध्ये कॉन्टेसाचा कारभार आटोपला. अ‍ॅम्बॅसिडर तेवढी २०१४ पर्यंत रेटत राहिली. आता कारखान्याला टाळं आहे. स्टेशनचं नाव मात्र अजून हिंदमोटर आहे. दाजी एकदा तिकीट काढून तिथे उतरले, बंद फाटकाकडे बघून आले आणि आल्यावर ताईला म्हणाले, ‘दर्शन झालं.’

आता वेगाचं बघू. एवढा खटाटोप शेवटी वेगासाठी. टॉमटॉम या डच कंपनीने २०२४ साली जगभरातल्या शहरांची रहदारी मोजली. त्यात कोलकाता संथपणात जगात दुसरं आलं. शहरात दहा किलोमीटर जायला साडेचौतीस मिनिटं लागत होती, म्हणजे ताशी सतरा-साडेसतरा किलोमीटर. पुणेकरांनी हसू नये. त्याच यादीत पुणं चौथं आहे. दाजींच्या ८८ घोड्यांची दौड बालीगंज फाँडीपासून गडियाहाटच्या पुलापर्यंत होते. पुढे ट्रामचे रूळ, फेरीवाले, शाळेच्या बस आणि ‘थांब’ म्हणून नुसता पंजा दाखवून रस्ता ओलांडणाऱ्या मावश्या. पाचवा गिअर या गाडीला आहे हे दाजी पुस्तक वाचून जाणतात. मी त्यांना कोना एक्सप्रेसवेवर पहाटे जायचं सुचवलं होतं. तिथे पहाटे सगळ्या राज्याचे ट्रक असतात.

आणि म्हणून माझं असं मत झालं आहे की जुनी वेगवान गाडी माणूस पळवायला घेतच नाही. तो एक मुलूख खालसा करून घेतो आणि मग चारी बाजूंनी वसुली सुरू होते. पहिले वसूलदार अर्थात मिस्त्री. आमच्या मिस्त्रीदादांइतका सज्जन माणूस मी पाहिलेला नाही. ते बॉनेट उघडतात, बराच वेळ आत बघतात, आणि आजारी नातेवाइकाबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणतात, ‘दादा, एक दिन आशून, कॉथा बोलबो.’ या एकदा, बोलू. इतिहास वाचलेल्या मराठी माणसाने हे ऐकून सावध व्हायला हवं. रघूजींच्या फौजेचे म्होरके भास्करराम कोल्हटकर यांना १७४४ मध्ये अलीवर्दीने असंच बोलणी करायला मनकऱ्याच्या छावणीत बोलावलं होतं. भास्करपंत सरदारांसह गेले आणि परत आले नाहीत. दाजी जातात, आणि परत येतात ते टॅक्सीने.

बोलण्यांचा तपशील असा असतो. कार्ब्युरेटर साफ करून झालं, तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण तडकलेलं. ते बदललं, तर क्लचप्लेट गेलेली. क्लच झाला की गाडी एकीकडे ओढते, म्हणजे टाय-रॉडचे एंड. मग काचेचं बीडिंग, कारण पाऊस आत येतो. आणि कोलकात्याचा पाऊस काय चीज आहे! २०२५ च्या सप्टेंबरात, दुर्गापूजेच्या तोंडावर, एका रात्रीत अडीचशे मिलिमीटर कोसळला. बालीगंजमध्ये गुडघाभर पाणी. नव्या इलेक्ट्रिक गाड्यांचे मालक घाबरून खिडक्यांतून बघत होते. दाजी निवांत होते. गाडी मिस्त्रीकडे होती. पाणी तिथेही भरलं होतं हे दुपारी कळलं.

सुटे भाग मल्लिकबाजारात. सर्क्युलर रोडच्याच खालच्या अंगाला हा बाजार आहे. मराठ्यांना अडवायला जो खंदक निघाला तो बुजवून केलेल्या रस्त्याला मराठ्याची गाठ पडते, ती अशी. मेलेल्या गाड्या इथे येतात आणि जिवंत गाड्यांत वाटल्या जातात. अ‍ॅम्बॅसिडरलाही नंतर हेच १८०० चं इसुझू इंजिन बसवलं होतं, त्यामुळे इंजिनाचा माल मिळतो. अडतं ते बाहेरच्या सामानावर. मागच्या दिव्याची लाल काच मागितली की दुकानदार दाजींच्या तोंडाकडे बघतो, मग चपलेकडे बघतो, मग भाव सांगतो. दाजी मराठी वळणाच्या बंगालीत घासाघीस करतात. त्याने भाव वाढतो.

दुसरा वसूलदार सरकार. इथे दाजींची अवस्था अगदी त्रिशंकू. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’चा मान मिळतो. वीस हजार रुपये भरा, नंबरात ‘व्हीए’ असलेली खास पाटी लावा, आणि रोजच्या वापरासाठी तेवढी चालवू नका. पहिली कॉन्टेसा १९८४ ची, म्हणजे या घराण्यातल्या थोरलीलाही २०३४ पर्यंत वाट पाहायची आहे. तोवर ती वारसा नाही, नुसती जुनी. आणि जुन्या गाडीबद्दल हरित लवादाच्या पूर्व खंडपीठाने २०२२ च्या जुलैत फर्मावलं होतं की कोलकाता आणि हावड्यातून पंधरा वर्षांवरच्या गाड्या सहा महिन्यांत हटवा. ते सहा महिने केव्हाच उलटले, गाड्या धावताहेत. पण फेरनोंदणीचे सहाशे होते ते पाच हजार झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. पंधराव्या वर्षी प्रदूषक, पन्नासाव्या वर्षी राष्ट्रीय ठेवा. मधली पस्तीस वर्षं मालकाने काय करायचं? भरायचं.

दरवर्षी थंडीत ‘स्टेट्समन’ची जुन्या गाड्यांची रॅली निघते; कोलकात्यात ती १९६८ पासून आहे. धोतर-पंजाबी नेसून लोक आजोबांच्या गाड्या हाकत येतात. दाजी कडेला उभे राहून ऑस्टिन आणि मॉरिसकडे बघतात. यात एक जातिव्यवस्था आहे. युद्धापूर्वीच्या गाड्यांचे मालक युद्धानंतरच्यांशी सांभाळून बोलतात आणि दोघेही मिळून कॉन्टेसावाल्याच्या खांद्यावर हात ठेवतात.

सांत्वनाला शेजारी आहेतच. गाडी बंद पडली की बालीगंजमधला कुठलाही सुशिक्षित बंगाली ऋत्विक घटकांच्या ‘अजांत्रिक’वर येतो. १९५८ चा सिनेमा. बिमल नावाचा ड्रायव्हर आणि त्याची खटारा शेवरले ‘जगद्दल’, तिच्यावर त्याचा जीव. शेजारचे प्राध्यापक ती गोष्ट डोळे पुसत सांगतात, यंत्र आणि मानव यांच्या नात्यावर बोलतात, आणि धक्का मारायची वेळ आली की त्यांना क्लास असतो. त्या गाडीचं शेवटी भंगार होतं, हे ते दाजींना सांगत नाहीत. एवढी माणुसकी आहे.

ताई म्हणते, ‘विकत घेतली म्हणून हे झालं. फुकट मिळाली असती तर?’ तर तेही झालेलं आहे, आणि आपल्याच माणसाचं झालेलं आहे. सचिनने २९ शतकांची ब्रॅडमनशी बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हस्ते फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. मग आयातशुल्क माफ करण्यावरून २००३ मध्ये देशभर गदारोळ, कोर्टकचेरी, आणि एक कोटी तेरा लाखांचं शुल्क शेवटी फियाटने भरलं. २०११ मध्ये ती फेरारी सुरतेच्या व्यापाऱ्याकडे गेली. मराठी माणसाच्या सुरतेशी असलेल्या जुन्या व्यवहाराची तीही फेड समजायची.

फियाटसारखा दाता दाजींना नाही. त्यांचं स्वतःचं नवं दुखणं पेट्रोलचं आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरतं, आणि जी गाडी महिन्यातले बरेच दिवस उभीच असते तिच्या टाकीत ते पाणी तळाला बसतं. शिवाय जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. नळ्या मऊ पडतात, पंपाचा पडदा फुगतो. जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केटं बदलावी लागू शकतात, असं खुद्द पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलं आहे. मिस्त्रीदादांनी फुगलेला पडदा दाजींच्या हातावर ठेवला आणि इथेनॉल कशापासून करतात ते विचारलं. मका, तांदूळ, मळी, असं सांगून दाजी ‘उसाचा रस’ या शब्दापाशी थबकले.

कागलला दाजींचा चार एकर ऊस आहे. ते कारखान्याचे सभासद आहेत. डिस्टिलरीच्या विस्ताराला गेल्या सभेत त्यांनी कोलकात्याहून फोनवर पाठिंबा दिला होता. रात्री त्यांनी चुलतभावाला फोन लावला, रबराची सगळी कथा सांगितली आणि सभेत हा मुद्दा मांडशील का म्हणून विचारलं. तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, ‘दादा, तुमचं रबर गेलं तर दुसरं मिळेल. गेल्या हंगामाचं बिल अजून निघायचंय. वीसचे सत्तावीस टक्के करणार म्हणताहेत, ते झालं की निघेल. तोवर तुम्ही तेवढी गाडी जास्त फिरवा.’