पाच लाखांत काय काय मागता येतं

आपण भरलेला कर कुठे खर्च व्हावा हे आपल्याला विचारूनच ठरवायला हवं, असा विचार ज्यांच्या मनात म्हातोबाच्या टेकडीवरून उतरताना रोज सकाळी येतो, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. अनुभवी कोथरूडकरांनी वाचलं नाही तरी चालेल. ते चुका काढतील.

आधी मिळकतकराचं बिल समोर घ्या. चष्मा लागेल. सर्वसाधारण कर, सफाई, जललाभ, जलनिःसारण लाभ, अग्निशमन, वृक्ष, पथ, शिक्षण अशा ओळी दिसतील. नवशिक्याला इथे वाटतं की आपण अग्निशमनावर खूण करावी आणि पथकर, कर्वे रस्त्याची तब्येत पाहून, पुढच्या वर्षी देऊ म्हणून सांगावं. तसा चौकोन एकाही ओळीपुढे नाही. बिल सवलतीच्या मुदतीत भरा, पावती फाइलला लावा आणि पावसाळ्याची वाट पाहा.

कारण निवडीची सोय साधारण पावसाळ्यात उघडते. पुणे महापालिकेने 2006 पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग सुरू केला. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात 1989 साली अशी पद्धत सुरू झाली. तिथे वस्तीवस्तीत सभा भरायच्या, लोक भांडायचे आणि मतं द्यायचे. आपण त्यातला भांडणाचा भाग घरी ठेवला आणि अर्ज घेतला. तो क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. आपल्या प्रभागातलं एक काम सुचवायचं, आणि वर्षानुवर्षं चालत आलेली मर्यादा म्हणजे खर्च 5 लाखांच्या आत.

आता थोडं गणित. 2025-26 चं महापालिकेचं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं. त्याचे अडीच लाख तुकडे केले तर एका तुकड्यात तुमचं काम बसतं. तेव्हा समान पाणीपुरवठा, नदीकाठ, मेट्रो असले विषय अर्जात लिहू नका. पदपथाचा तुकडा, दिव्याचा खांब, बसथांब्याचं छप्पर, बाक. इच्छा आधी 5 लाखांची करून घ्यायची आणि मग ती व्यक्त करायची, हे कौशल्य जमायला दोनेक वर्षं जातात.

तुमची सूचना प्रभाग समितीपुढे जाते. मतदान नाही. काही सूचना मान्य होतात, आयुक्तांच्या अंदाजपत्रकात येतात, स्थायी समिती, मुख्य सभा असा प्रवास होतो. तरी पेढे आणू नका, पुढे ‘वर्गीकरण’ आहे. शाळेत या शब्दाचा अर्थ पाठीचा कणा असलेले आणि नसलेले प्राणी असा होता. महापालिकेत एका कामासाठी ठेवलेले पैसे वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कामाकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. नवशिक्याने रोजच्या पेपरात फक्त हा एक शब्द शोधत राहावं. महिन्याभरात तो जाणकार होतो.

‘स’ यादीही माहीत हवी. ही माननीयांची, म्हणजे नगरसेवकांची. यातून बाकडी येतात, कापडी पिशव्या येतात, बकेटा येतात. अर्जातून आलेलं बाक आणि ‘स’ यादीतून आलेलं बाक ओळखायला सोपं आहे: दुसऱ्याच्या पाठीवर ‘संकल्पना’ असं लिहून खाली नाव असतं. मार्च 2022 मध्ये माननीयांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात संकल्पना कोणाला सुचत होत्या, हे पाठीवर लिहिलेलं नाही.

इथे एक आडवळण. तुमच्या पगारपत्रकात व्यवसाय कर दिसतो ना, दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300? तो 1975 साली आला, 1972 च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या नोकरदाराने पैसे द्यायचे आणि खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम मिळायचं. त्या वेळी पगारपत्रकावर चौकोन छापून विचारलं असतं, तर मयूर कॉलनीतून, डहाणूकर कॉलनीतून किती टिका आल्या असत्या? मी माझ्या घरापुरता हिशोब केला आणि तो कोणाला दाखवला नाही.

प्रात्यक्षिक म्हणून आमच्या सोसायटीची बैठक सांगतो. विषय: काय मागायचं. बाक, असं ठरत आलं होतं. बाकावर मुलं बसतील, असं एका काकांचं म्हणणं. मग मुलं म्हणजे कोणती मुलं, यावर पाऊण तास. मग बाक मागावं पण त्याला मधोमध लोखंडी दांडी असावी, अशी दुरुस्ती आली. मग दांडीला रंग. अर्जाची मुदत उद्यावर आली तेव्हा बाक, पेव्हिंग ब्लॉक आणि दोन कुंड्या मिळून 4 लाख 95 हजार लिहिलं. 5 लिहिलं तर डोळ्यावर येतं, असं खजिनदारांचं मत. पेन्शनरांच्या इमारतीत माणसं, वेळ आणि झेरॉक्सचे सुटे पैसे यांची कधीच वाण नसते. कोथरूडच्या अर्जांत बाकं फार दिसली, तर कारण हेच.

मी दुसऱ्या दिवशी टेबलावर कोरा अर्ज घेऊन बसलो होतो, जास्तीचा आणलेला. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी सुतारदऱ्यात राहतात. फडकं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, हा आम्हाला पण भरता येतो का? येतो, म्हटलं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. वस्तीतला जिना, वरचा वळणाचा भाग, पावसात शेवाळ, एका अंगाला काही नाही. कठडा पाहिजे. केवढा, विचारल्यावर कमरेला हात लावून दाखवला, आणि लांबी सांगायला बोटांवर घरं मोजली: अकरा दारं. मी ठिकाण लिहिलं, काम लिहिलं. अंदाजे खर्चाच्या रकान्यापाशी थांबलो. पाच लाखांपर्यंत लिहिता येतं, म्हटलं.

त्या जरा विचारात पडल्या.

‘‘कमी लिहा दादा,’’ म्हणाल्या. ‘‘म्हणजे देतील.’’