गुरुजी, पासपोर्ट आणि एक जून

देवगाव रंगारीत कुणाच्या पोराला दुबईत काम लागलं की पेढे नंतर. आधी कागदांची पिशवी घेऊन गुरुजींची ओसरी गाठायची, असा रिवाज पडला आहे. पासपोर्टसाठी छत्रपती संभाजीनगरला छावणीच्या पोस्टातलं केंद्र गाठावं लागतं. पण ओसरीवरची तपासणी पार केल्याशिवाय एसटीत बसायची छाती कुणाची होत नाही. पोस्टातले साहेब कागद कमी निघाला तर परत पाठवतात. गुरुजी आधी उभं करतात, मग उलटतपासणी घेतात आणि मग परत पाठवतात.

खरं तर गावातल्या निम्म्या कागदांतल्या गाठी गुरुजींनीच मारलेल्या. झेडपीच्या शाळेत बाप पोराला दाखल करायला यायचा. जन्मतारीख विचारली की सांगायचा, "पोळ्याच्या आदल्या दिशी झालं बघा. त्या साली कापूस लई आला होता." गुरुजी पोराची उंची बघत, मनातल्या मनात सहा वर्षं वजा करत आणि जनरल रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये भरते, हिशेब सोपा. या सोप्या हिशेबात दोन सख्खे भाऊ एकाच दिवशी, एकाच साली जन्मले. आपल्याला जुळं झालं होतं, हे त्यांच्या आईला अजून पटलेलं नाही.

असा हा दिलदार माणूस नियमांचा इतका कडवा भक्त झाला तो न्यू जर्सीत. मुलगा एडिसनला असतो. गुरुजी आणि काकू सहा महिन्यांसाठी गेले. "इथं पासपोर्ट जिवापाड जपायचा," असं सुनेने पहिल्याच दिवशी बजावलं. काकूंनी ते मनावर घेतलं आणि मौल्यवान वस्तू ठेवायची त्यांना ठाऊक असलेली एकमेव जागा निवडली: बाजरीच्या पिठाचा डबा. निवडली आणि विसरल्या.

गुरुजींचा पासपोर्ट सापडेना, तेव्हा मुलाने रीतसर पोलिसांत नोंद केली, ऑनलाइन अर्ज भरला, फी भरली. दोनच दिवसांनी काकूंना भाकरीची हुक्की आली आणि पिठातून पासपोर्ट निघाला. गुरुजी तो झटकून, पुसून न्यूयॉर्कला पासपोर्टच्या खिडकीवर घेऊन गेले.

"हा बघा, सापडला."

"तो हरवलाय," खिडकीतला म्हणाला.

"अहो, तुमच्या हातात आहे की!"

"हातात असेल. अर्जात हरवलाय."

नियम तसाच आहे. हरवल्याची नोंद झाली की पासपोर्ट रद्द होतो; मग तो पिठातून निघो नाहीतर पंढरपूरच्या वाळवंटात. घाई असेल तर आणीबाणीचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते फक्त मायदेशी परतण्यापुरतं, एकेरी. "म्हणजे शाळा सोडल्याचा दाखलाच की," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी तो पर्याय बाणेदारपणे नाकारला. आयुष्यभर दुसऱ्यांचे दाखले फाडलेल्या माणसाला स्वतःचा घेणं जड जातं.

मग जन्मगाव निघालं. जुन्या पासपोर्टवर जिल्हा औरंगाबाद, तर २०२३ पासून तो छत्रपती संभाजीनगर. दोन्ही एकच का, असं खिडकीने विचारलं. औरंगाबाद बिहारमध्येही आहे, तेव्हा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. गुरुजींनी मलिक अंबरापासून इतिहास सांगायला घेतला. रांग वाढत गेली. शेवटी मुलाने त्यांना दंडाला धरून बाजूला केलं.

कहर झाला तो इकडे देवगावात. अर्जातल्या पत्त्याची खातरजमा करायला पोलीस आला. गुरुजींचाच विद्यार्थी. दाराला कुलूप. शेजारच्या आजींनी खरं ते सांगितलं, "गुरुजी व्हय? ते नाहीत इथं. अमेरिकेला गेलेत." याने लिहून टाकलं: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आले नाहीत.

गुरुजींनी तिकडून अर्ध्या रात्री फोन लावला. "कामून रे असं लिहिलंस?"

"गुरुजी, तुम्ही दिसलाच नाहीत. न बघता कसं लिहू?"

न बघता पिढ्यान्‌पिढ्यांचे जन्म लिहिलेले गुरुजी यावर काही बोलू शकले नाहीत.

नवा पासपोर्ट अखेर मिळाला. पण परत आले ते गुरुजी वेगळेच. अमेरिकेचे रस्ते, मॉल, बर्फ यांवर ते अवाक्षर बोलत नाहीत. बोलतात ते नियमांवर. आपला पासपोर्ट क्रमांक, एक अक्षर आणि सात अंक, ते रामरक्षेसारखा म्हणतात. त्याच्या झेरॉक्स सदऱ्याच्या खिशात, देव्हाऱ्यामागे आणि मुलीच्या सासरी आहेत. पिठाच्या डब्याला मात्र काकूंनाही आता परवानगी काढल्याशिवाय हात लावता येत नाही.

ओसरीवरची सुनावणी ऐकण्यासारखी असते. "दहावी झालास? नाही? मग तुझ्या पासपोर्टवर ईसीआर येणार. आखातात कामाला जायचं तर आधी सरकारची मंजुरी काढावी लागेल. एजंट नको म्हणाला तरी काढायची!" दुसऱ्याला, "मुदत सहा महिने तरी शिल्लक पाहिजे. पाच महिने एकोणतीस दिवस चालायचे नाहीत." तिसरा सांगतो, व्हिसा जुन्या पासपोर्टात राहिला. "राहू दे. दोन्ही घेऊन जा. जुना टाकलास तर तुला टाकीन." चौथ्याच्या दाखल्यावर १ जून दिसते. गुरुजी चष्मा वर करून दरडावतात, "ही तारीख कुणी लिहिली?" पोरगं खाली मान घालून गप्प राहतं. खरं सांगायची त्याची अजूनही हिंमत होत नाही.

मध्यंतरी २०२५ मध्ये नियम आला: १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्माचा दाखला चालेल, शाळेचा चालणार नाही. नियमांचा भक्त म्हणून गुरुजींनी स्वागत केलं. पण चेहरा पडला होता. हुकमी जन्मतारखांचं त्यांचं राज्य दिल्लीने एका ओळीत खालसा केलं होतं.

तरी माणूस हार मानणाऱ्यातला नाही. परवा त्याच पोलिसाच्या घरी बारसं होतं. पाळणा सजला, आत्याबाई कानात नाव सांगायला वाकल्या, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा!" अमिरातीने २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसा नाकारायचं ठरवलं, हे मांडवातल्या बायकांना तिथेच समजावून देण्यात आलं. मग गुरुजींनी जन्मदाखला मागवला, स्पेलिंग तपासलं, आधारकार्डांशी ताडून पाहिलं आणि निकाल दिला, "हं. आता सांगा कानात. पण आडनावासकट!"