कला, सात गुणांपुरती

खानदेशातल्या पालकांना कलेची कदर नाही, या आरोपाचा आम्ही निषेध करतो. कदर आहे, नेमकी ७ गुणांची. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात तेवढेच वाढतात. त्यासाठी जळगाव-धुळ्याची पोरं रात्ररात्र तांब्या-पेल्याचं स्थिरचित्र घोटतात. निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर आणि पोरगं ‘नीट’च्या क्लासला. शासनाला नम्र सूचना : यापुढे ब्रशला हात लावणार नाही, असं हमीपत्र देणाऱ्यास आणखी ३ गुण द्यावेत.

काही जण मात्र ऐकतच नाहीत. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस विलायतेत कला शिकून आले आणि सुमारे पन्नास वर्षं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. त्यांच्या छायाचित्रांना जगभरातून शेकडो पारितोषिकं आली. तरी आमच्याकडचा शहाणा विचारतोच, “पगार कितला व्हता, भाऊ?”

कलेचा सन्मान मात्र आम्ही विसरत नाही. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. स्वतः बहिणाबाई तिथे प्रवेशाला आल्या, तर अर्ज बाद : बारावीची गुणपत्रिका जोडलेली नाही.