रँकिंगभाऊ

मे महिन्यात नागपूरचा माणूस सकाळी पेपर उघडतो तो दोन गोष्टी पाहायला : काल पारा किती चढला आणि चंद्रपूर आपल्या वर गेलं का. विदर्भातल्या शहरांच्या तापमानाचा तो छोटा तक्ता असतो ना, तो इथे संपादकीयापेक्षा जास्त वाचला जातो. पंचेचाळीस अंशांत अंगाची लाही झाली तरी हरकत नाही, पण ब्रह्मपुरी अर्ध्या अंशानं पुढे दिसली की जीवाला लागतं. भाजायचं ते भाजायचं आणि वर नंबरही दुसरा!

रँकिंगभाऊ याच मातीतले. फरक इतकाच की त्यांनी तापमानाऐवजी फुटबॉल धरला. फुटबॉल म्हणजे मैदानावरचा नव्हे. चेंडूला पाय लावताना भाऊंना आमच्या प्रतापनगरात कोणी पाहिलेलं नाही. त्यांचा फुटबॉल लॅपटॉपवर चालतो.

खेळाचं नाव हॅट्रिक. स्वीडनमध्ये १९९७ साली निघालेला हा ऑनलाइन खेळ. तुम्ही एका क्लबचे सर्वेसर्वा. खेळाडू घ्या, विका, त्यांचे पगार भरा, स्टेडियमच्या जागा वाढवा, सतरा वर्षांचं पोट्टं हाताशी धरून हंगामभर त्याला घडवत बसा. एका गटात आठ संघ, चौदा सामने आणि सोळा आठवड्यांचा हंगाम. सामना सुरू झाला की पळणारी माणसं दिसत नाहीत. पडद्यावर समालोचनाच्या ओळी उमटतात. गोल झाला हे वाचून कळतं. घाईच्या माणसाचं हे कामच नाही, त्यामुळे नागपूरला हा खेळ मानवला.

त्यातही भाऊंना मोहात पाडलं ते खेळाडूंच्या श्रेण्यांनी. तिथे कौशल्य विशेषणात सांगतात. तळाशी 'नाहीच', त्याच्या वर 'सर्वनाशी', मग 'दयनीय', 'कमकुवत', 'अपुरा', 'चालेल' असं करत करत 'जागतिक दर्जाचा' येतो, त्याच्याही वर 'अलौकिक', आणि विसाव्या पायरीवर साक्षात 'दैवी'. ही मराठी भाऊंची स्वतःची. ती शिडी एकदा डोक्यात बसल्यावर त्यांचं साधं बोलणं बंद झालं. टपरीवर उभं राहून प्लेट संपवतात आणि निकाल देतात, ''पोहे चालेल, तर्री जागतिक दर्जाची, शेव दयनीय.'' पुतणीसाठी स्थळ पाहून आले तेव्हा घरातले सगळे उत्सुकतेनं भोवती जमले. भाऊ चप्पल काढता काढता म्हणाले, ''मुलगा भक्कम. पगार अपुरा. सासू अलौकिक.''

आमच्या मित्रमंडळींचे या खेळात बारा संघ. पण ते विखुरलेले. कोणी वरच्या श्रेणीत मार खातंय, कोणी खालच्या श्रेणीत मारतंय. मग बारांत भारी कोण? कोणताही गुणतक्ता याचं उत्तर देत नाही. दुसरा माणूस म्हणाला असता, जाऊ द्या. भाऊंना मात्र जन्माचं कार्य सापडलं.

त्याला कारण त्यांची नोकरी. भाऊ एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत आहेत. कर्मचाऱ्यांच्या सेवाज्येष्ठता याद्या करण्यात त्यांची हयात गेली. तीच शिस्त त्यांनी आमच्या लीगला लावली. गुरुवारी रात्री ग्रुपवर 'तात्पुरती क्रमवारी' येते. खाली सूचना असते : 'हरकती शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत पुराव्यासह सादर कराव्यात. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.' शनिवारी सकाळी 'अंतिम क्रमवारी'. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं, अख्खी कचेरी रात्र रात्र फायली उपसते, तेव्हाही गुरुवार चुकत नाही.

पद्धत मात्र ऐऱ्यागैऱ्याची नाही. हॅट्रिकवाल्यांचा एक जुना हिशेब आहे. मधल्या फळीचे गुण तिप्पट धरायचे. त्यात डावा, मधला, उजवा बचाव आणि तसंच तिन्ही बाजूंचं आक्रमण मिळवायचं. हा झाला पाया. त्यावर भाऊंनी चढवला तो एलो. अर्पाद एलो हे मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. बुद्धिबळपटूंची ताकद मोजायची त्यांची रीत जागतिक संघटनेनं १९७० साली उचलली. बलाढ्यानं दुबळ्याला हरवलं तर चिमूटभर गुण, दुबळ्यानं बलाढ्याला लोळवलं तर ओंजळभर, आणि जितके एकाचे वाढतात तितके दुसऱ्याचे कापले जातात. फिफानंही २०१८ पासून पुरुष संघांसाठी हाच मार्ग धरला. साध्या मैत्रीपूर्ण सामन्याचं वजन पाच किंवा दहा, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे साठ. हे सगळं भाऊ मागितल्याशिवाय सांगतात.

पोलंडचा विषय निघाला की ते विशेष खुलतात. फिफाच्या जुन्या पद्धतीत मैत्रीपूर्ण सामना खेळला की गुणांची सरासरी खाली येई. पोलंडनं ही मेख ओळखली, असे सामने जवळजवळ बंदच केले, आणि २०१८च्या विश्वचषकाच्या सोडतीत थेट पहिल्या टोपलीत जाऊन बसलं. जर्मनी, ब्राझीलच्या पंगतीला! पुढे रशियात जपान, सेनेगल आणि कोलंबियाच्या गटात शेवटचं आलं, ती गोष्ट वेगळी. भाऊंना त्या गोष्टीची आठवण करून दिली की ते शांतपणे म्हणतात, ''रँकिंग पक्की होती न. फुटबॉल कच्चा होता.''

तक्त्याचा शेवटचा रकाना हे त्यांचं खास योगदान. सरकारी नमुन्यात असतो तसाच : 'शेरा'. त्याला दहा गुण, आणि ते देणं सर्वस्वी भाऊंच्या हाती. माझ्या नावापुढे मागच्या हंगामात लिहिलं होतं, 'मालक दौऱ्यावर असताना संघ सुधारतो.' बाकीचे नव्वद टक्के गणित कोणी वाचत नाही. भांडणं होतात ती या शेऱ्यावर.

एका गुरुवारी मी नवव्या नंबरवरून अकराव्यावर घसरलो. शुक्रवारी पावणेपाचला हरकत नोंदवली. सहा वाजता भाऊ स्वतः दारात हजर. हातात टाचणी मारलेले चार कागद, खिशात लाल आणि निळा असे दोन पेन.

''भाऊ, तुमचा डावा बचाव पाहा,'' त्यांनी लाल पेन टेकवला.

''पण मी सलग तीन सामने जिंकलो न!''

''जिंकले. पण कोणासंगं जिंकले? एका टीमचा मालक दोन महिने झाले लॉग इन करून नाही राहिला. त्याच्यावर जिंकलं का अन् नाही जिंकलं का, एकच.''

''मग दुसरे दोन?''

''ते शेऱ्यात गेले.''

दाद मागायला वरचं न्यायालय नाही. पण मी रुसून क्रमवारी पाहणं सोडलं का? गुरुवारी रात्री जेवताना फोन ताटाशेजारी असतो. बारातल्या एकालाही ही यादी मान्य नाही, आणि बाराही जण तिची वाट पाहतात. एखाद्या आठवड्यात भाऊंनी 'सर्व संघ आपापल्या जागी समाधानकारक' असं लिहून यादीच काढली नाही, तर ग्रुप आठ दिवसांत ओस पडेल. आपला नंबर चुकीचा लागला म्हणून चिडायलाही कोणीतरी नंबर लावावा लागतो.

स्वतःचा संघ ते नेहमी तिसरा ठेवतात. पहिला ठेवला तर लोक हसतील, आणि दहावा ठेवला तर 'एवढ्या जागरणाचं हेच फळ का?' असं बायको विचारेल, हे त्यांनी जोखलेलं आहे.

२८ जुलै २०२५ला मात्र भाऊंची खरी परीक्षा झाली. जॉर्जियातल्या बातुमीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच फटक्यात ग्रँडमास्टर झाली. वय १९. स्पर्धेत मानांकन पंधरावं. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. पेढा भाऊंनीही घेतला, पण चेहऱ्यावर हिशेब दिसत होता. कोणीतरी डिवचलंच, ''काहून भाऊ, पंधरावीनं पयला नंबर मारला. तुमचा एलो कुठं गेला?''

भाऊंनी पेढा संपवला, बोटं पुसली. ''एलो चुकला नाही. पोरगी त्याच्याहून जोरात पळून राहिली. आकडा मागून येते.'' मग नागपूरकर या नात्यानं त्यांनी दुसरा पेढा घेतला.

खऱ्या फुटबॉलचं त्यांना वावडं आहे असं नाही; फक्त तो त्यांना अपुऱ्या माहितीचा वाटतो. याच शहरात २००१ साली विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन स्लम सॉकर उभं केलं. त्यावरून नागराज मंजुळेंनी काढलेला 'झुंड' भाऊंनी २०२२ साली थिएटरात पाहिला. बाहेर येऊन म्हणाले, ''पिक्चर उत्कृष्ट. पण गोलसरासरी सांगितलीच नाही.''

एकदा आम्ही त्यांना ओढून कामठीला नेलं. तिथे फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्यांचा. रब्बानीसारख्या क्लबचं नाव पोराटोरांच्या तोंडी. सामना रंगला होता, धूळ उडत होती, कडेला गर्दी ओरडत होती. भाऊंनी वही काढली आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, ''चाचा, या टीमचे मागचे पाच निकाल काय?'' चाचांनी तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. ''खेळ सामने चल रहा है बाबू. आँख है ना?'' भाऊंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावून पाहिलं. चाचांना 'दैवी' मिळालं होतं.

परवा त्यांच्या दहावीतल्या मुलीनं ग्रुपवर एक तक्ता टाकला : 'क्रमवारी करणाऱ्यांची क्रमवारी'. उमेदवार दोनच. पहिला नंबर फिफा. दुसरा नंबर बाबा. शेरा : 'मेहनती, पण जेवायला हाक मारल्यावर येत नाहीत.' बाराही संघांच्या मालकांनी अंगठे दाखवले. आमच्या लीगच्या इतिहासात एकमतानं मंजूर झालेली ही पहिलीच यादी.

आम्हाला वाटलं, आता भाऊ चिडतील. त्यांनी चष्मा लावून तक्ता दोनदा वाचला, रकान्यांची बेरीज तपासली आणि मुलीला म्हणाले, ''पद्धत बरोबर आहे बेटा. फक्त नमुना लहान आहे.''

''छे!'' स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. ''चांगला मोठा आहे.''

ही हरकत शुक्रवारी पाचच्या आत आली होती. भाऊंनी ती नोंदवून घेतली.