चाळीस मिलिमीटरची चाळिशी

चष्मा लावायचा नाही म्हणून मी बंदुकीवर दुर्बीण बसवली, असं आमच्या घरात सांगितलं जातं. माझं स्वतःचं म्हणणं याहून पुष्कळ लांब आहे आणि त्यात प्रकाशशास्त्र येतं. पण पाहुण्यांना बायकोचं म्हणणं पटतं, कारण ते एका वाक्यात संपतं.

आता प्रकाशशास्त्र. छऱ्याच्या बंदुकीला मागं खाच असते, नळीच्या टोकाला माशी असते आणि त्याच्या पलीकडं लक्ष्य. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं. तरुण डोळा या तिघांमध्ये इतक्या चपळाईनं ये-जा करतो की मालकाला पत्ता लागत नाही. पंचेचाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं. खाच विरघळते, माशीला लव फुटते, आणि लक्ष्याकडं नीट बघावं तर हातात बंदूक आहे की छत्री ते कळेनासं होतं. दुर्बिणीत फुली आणि लक्ष्य एकाच पातळीवर येतात, त्यामुळं डोळ्याची धावपळ थांबते. शिवाय डोळा लावायच्या टोकाला एक कडी असते; ती फिरवली की बघणाऱ्याचा नंबर बराचसा भरून निघतो. म्हणजे चष्माच की. पण चष्मा नाकावर बसून वय सांगतो आणि दुर्बीण बंदुकीवर बसून पराक्रम सांगते.

पराक्रमाचं म्हणाल तर आम्ही कोल्हापूरचे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं आणि २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकहून ब्राँझ आणलं. तेव्हापासून आमच्या गल्लीतली माणसं चहा पितानाही श्वास रोखून पितात. पूर्वी ज्यांना कुस्तीतलं कळत होतं त्या सगळ्यांना आता ट्रिगरमधलं कळतं. मला आधीपासूनच कळत होतं. जोतिबाच्या यात्रेत मी फुगे फोडायचो. त्या बंदुका अशा वाकड्या की नेम उजवीकडं धरावा तेव्हा डावीकडचा फुगा फुटतो. मी तो वाकडेपणा हिशेबात धरून मारायचो आणि मित्रांच्या टाळ्या घ्यायचो. सरळ बंदूक हातात आली तेव्हा पंचाईत झाली.

आणखी एक गोष्ट आहे. वर सांगितलेल्या तिघांपैकी कोणीही ही पदकं मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून बघून मिळवलेली नाहीत. ऑलिंपिकच्या नियमात ती बसतच नाही. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि शाळकरी पोरी एका बारीक भोकातून बघून तो उडवतात. ही माहिती मी घरात दिलेली नाही.

तर दुर्बीण आली. ती चारपासून बारापटीपर्यंत मोठं दाखवते आणि तिचं पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं आहे. मी तिची रीतसर परीक्षा घ्यायचं ठरवलं. मत कोणी मागितलं नव्हतं. पण ४.५ मिलिमीटर नळीची, २० जूलच्या आतली हवेची बंदूक ठेवायला परवाना लागत नाही, तसाच दुर्बिणीबद्दल मत ठेवायलाही लागत नाही. दोनशे पानी वही आणली, रकाने आखले, वर तारीख घातली आणि सही केली. परीक्षा व्हायच्या आधी सही.

पहिला रकाना झटक्याचा. स्प्रिंगची बंदूक दिसायला गरीब. पण आतला दट्ट्या पुढं सुटतो तेव्हा बंदूक मागं येते, आणि तोच दट्ट्या टोकाला कोंडलेल्या हवेवर आदळतो तेव्हा ती पुढं हिसका देते. दारूगोळ्याच्या रायफलीचा दणका मोठा, पण एकाच दिशेचा. त्या दणक्यासाठी बांधलेल्या भारी किमतीच्या दुर्बिणी या पोरकट दिसणाऱ्या बंदुकीवर आतून खिळखिळ्या होतात. हे मी गल्लीत इतक्या जणांना सांगितलं की मला लांबून बघितलं की लोक दट्ट्यासारखे पुढं सटकू लागले.

दुसरा रकाना धुक्याचा. बऱ्या दुर्बिणीत नायट्रोजन भरून ती बंद करतात, म्हणजे आत बाष्प राहत नाही आणि थंडीत काच आतून धुरकट होत नाही. खात्री करायला मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी बायकोनं विचारलं, “अहो, हे किती दिवसांत संपवायचं असतं?” काढल्यावर बाहेरून घाम फुटला होता, आतून काच लखलखीत. वहीत लिहिलं, ‘धुकं : नाही’, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

तिसरी परीक्षा चौकोनाची. वरचं बटण फिरवलं की टिक होते आणि छरा वर-खाली सरकतो, बाजूचं फिरवलं की डावी-उजवीकडं. नेम कायम एकाच ठिपक्यावर धरायचा. वीस टिका वर, वीस उजवीकडं, वीस खाली, वीस डावीकडं. कागदावर चौकोनाचे चार कोपरे उमटले आणि शेवटचा छरा पहिल्याच्याच भोकात गेला की दुर्बीण प्रामाणिक. आता हिशेब असा, की माझ्या दुर्बिणीची एक टीक दहा मीटरवर पाऊण मिलिमीटरहूनही थोडी कमी भरते. वीस टिकांचा चौकोन जेमतेम दीड सेंटिमीटरचा. आणि मी एकाच ठिपक्यावर नेम धरून मारलेले छरे याच्या दुप्पट तिप्पट जागा व्यापतात. म्हणजे चौकोन उमटला असेलही, पण माझ्या पसाऱ्यात हरवला. दुर्बीण ना पास झाली, ना नापास. वहीत मी लिहिलं, ‘वाऱ्याचा परिणाम संभवतो.’ त्या दिवशी परड्यात दोरीवरचा रुमालही हलत नव्हता.

इथं मला कोळ्याबद्दल सांगायलाच हवं. विषय दुर्बिणीचा आहे, मान्य. पण ती फुली आली कुठून? इंग्लंडात यॉर्कशरमध्ये विल्यम गॅसकॉइन नावाचा एक तरुण होता. १६४० च्या आगेमागे तो दोन फुगीर भिंगं घेऊन सूर्याचे प्रयोग करत होता. दुर्बिणीच्या नळकांड्यात एका कोळ्यानं धागा टाकून ठेवलेला, आणि तो नेमका भिंगाच्या नाभीशी, जिथं प्रतिमा उमटते तिथं. गॅसकॉइननं डोळा लावला तर लांबची वस्तूही स्पष्ट आणि तिच्यावरून गेलेला धागाही तितकाच स्पष्ट. दुसरा कोणी असता तर त्यानं फडकं मागवलं असतं. आमच्या घरात हे घडलं असतं तर बायकोनं केरसुणी आणली असती आणि मानवजातीचा नेम कायमचा चुकला असता. गॅसकॉइननं धागा तसाच राहू दिला. त्यावरून त्यानं आकाशातल्या वस्तूंचं माप घ्यायचं यंत्र केलं आणि कोन मोजायच्या उपकरणावर नेम धरायची दुर्बीण बसवली. मग यादवी युद्ध पेटलं, तो राजाच्या बाजूनं लढायला गेला आणि १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. वय तिशीच्या अलीकडं-पलीकडं. ज्यानं जगाला नेम दिला त्याला कोणी, नेम धरून की न धरता, मारलं, कुणास ठाऊक.

कोळी मात्र नोकरीत राहिला. पुढं कित्येक पिढ्या खगोलशास्त्रज्ञांच्या आणि जमीन मोजणाऱ्यांच्या दुर्बिणीत कोळ्याचाच धागा ताणून बसवत. केसाहून कितीतरी बारीक, ताणला की सरळ, आणि फुकट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विषारी काळ्या कोळिणी पाळून त्यांचा धागा काढत आणि लष्करी उपकरणांत भरत. कोळिणीला आवळून धरायची, धागा ओढायचा, रिळावर गुंडाळायचा. काय ती माणसं असतील! माझ्या दुर्बिणीत अर्थातच कोळी नाही. काचेवर कोरलेली फुली आहे. तरी हे वाचल्यापासून मी माळ्यावरची जळमटं काढू देत नाही. दिवाळीच्या तोंडावर या मुद्द्यावरून घरात झालं ते मार्स्टन मूरच होतं, आणि मीही राजाच्या बाजूनंच लढलो.

असो. वही जवळजवळ भरली होती. पुढची कडी फिरवून दहा मीटरवर भिंग साधलं होतं आणि मी परड्यातल्या भिंतीशी ठेवलेल्या चिंध्या भरलेल्या खोक्यावर नेम धरून पडलो होतो. तेवढ्यात आप्पा आले.

आप्पा म्हणजे वडील. एस.टी.त कंडक्टर होते. घाटातल्या हेलकाव्यात, मिणमिणत्या दिव्याखाली वेबिल भरलेला माणूस. चष्म्याला ते पुढाऱ्यांचं काम म्हणतात. चष्म्याचा तिटकारा मला कुठून आला ते यावरून कळावं.

“सकाळधरनं काय बघतोयस रं एवढं? बघू मला.”

मी बंदूक रिकामी केली, दुर्बीण काढून हातात दिली. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मी कौतुकाची वाट बघत होतो.

“धुकं भरलंय ह्यात.”

मी हसलो. नायट्रोजन सांगितला. फ्रीज सांगितला. वही उघडून दोन रेघा दाखवल्या.

“आसंल तुझा नायट्रोजन. पण धुकं हाय.”

मी घेऊन पाहिलं. खोक्यावर एक मुंगी चालली होती, तिचे पाय मोजता आले असते. पुन्हा त्यांच्या हातात दिली, डोळ्याकडची कडी त्यांच्यासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, मोठेपणा बारापर्यंत नेला. “आता?”

“आता धुकं जवळ आलं.”

मग त्यांनी दुसरा डोळा लावला. “ह्या डोळ्यानं जरा कमी हाय,” असं म्हणून दुर्बीण परत दिली आणि पायानं जमीन चाचपत घरात गेले.

मला राग आला. आप्पांचा आला. हल्ली ते नातवाकडून पेपर मोठ्यानं वाचून घेत, पोराचं वाचन सुधारावं म्हणून. चहा सांडला की कपाला नाव ठेवत. गल्लीतल्या एकानं मला सांगितलं होतं की तुमचे वडील स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीची पाटी लोकांना विचारत होते. आम्ही हसलो होतो. म्हातारा चेष्टा करत असेल. सगळी नोकरी ज्या पाट्यांखाली गेली त्या पाट्या हा माणूस अनोळखी लोकांना विचारत उभा होता, आणि घरी येऊन सांगत होता की गाड्यांना हल्ली वेळ राहिली नाही. सांगायचं ना. कोणी खाणार होतं का? पण सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो तेही मला ठाऊक आहे. मी म्हणालो असतो, वयानं होतं, आप्पा. स्वतःला मात्र बारापटीची दुर्बीण.

डॉक्टरांनी एका मिनिटात सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. गढूळ झालेलं भिंग काढून त्याजागी नवं बसवायचं, त्याच दिवशी घरी. नवं भिंग कसलं असतं असं मी विचारलं, कारण भिंगांच्या बाबतीत मला विचारावंच लागतं. मधला गोल साधारण सहा मिलिमीटरचा, डॉक्टर म्हणाले. माझं चाळीसचं आहे असं मी सांगणार होतो, पण आप्पा मधेच म्हणाले, “डाक्टर, बारापटीचं नको. त्यात धुकं फार दिसतं.”

ऑपरेशन वीस-पंचवीस मिनिटांत झालं. नंतर दिवसातून कैकदा डोळ्यात थेंब घालायचे होते आणि ते काम माझ्याकडं आलं; घरातला नेमबाज मीच. पहिला थेंब कपाळावर पडला. दुसरा मिशीत. तिसऱ्याला बायकोनं बाटली काढून घेतली आणि उभ्या उभ्या, बोलता बोलता, नेमका डोळ्यात सोडला. तिनं हयातीत बंदूक हातात धरलेली नाही.

पुढं काळा गॉगल निघाला आणि आप्पा सकाळी परड्यात खुर्ची टाकून बसू लागले. मी दुर्बीण पुढं केली. नको म्हणाले. नुसत्या डोळ्यानं समोर बघत होते. बघता बघता पुढं वाकले, उठले आणि भिंतीपाशी गेले. मागच्या उन्हाळ्यात नवा गिलावा केलेली भिंत. तिकिटं मोजावीत तसं बोटानं एकेक भोक मोजत खोक्याच्या वरून, डावीकडून, उजवीकडून फिरले. मग खोका उचलून चारी बाजूंनी पाहिला.

“खोका तेवढा नव्यासारखा ठेवलायस,” ते म्हणाले. “भिताडाला गवंडी बोलवू.”